मामांच्या गाडीची आंधळी जाळी

पंखेसाहेबांना या प्रकरणात काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडतो. सल्ला फुकट मिळतो ही अफवा सल्ला देणाऱ्यांनीच उठवलेली आहे. माझी उभी नोकरी ऑडिट खात्यात गेली. 'फुकट' म्हणून दाखवलेली वस्तू मी आधी उलटी करून बघतो.

पंखेसाहेब म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. सगळं आयुष्य पंख्यांच्या कारखान्यात गेलं, म्हणून पंखेसाहेब. त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची वेळ अजून कुणावर आलेली नाही. निवृत्त झाल्यावर वाऱ्याविषयीचं त्यांचं ज्ञान एकरकमी घरी राहायला आलं. पंखेवहिनींनी काही दिवस ते ऐकून घेतलं. मग साहेबांनी 'हवेचा दाब' म्हटलं की त्या मिक्सर लावू लागल्या. तेव्हा साहेबांचा पहिला लाभ म्हणजे ऐकणारा माणूस. दुसरा लाभ, रविवारी माळा आवरायच्या वेळेला घराबाहेर असण्याचं सबळ कारण. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत पण ज्याच्याकडे त्यांची नजर सारखी जायची, तो म्हणजे आमच्या गाडीतली दुसरी जागा.

गाडीत जागा दोनच. ती स्पोर्ट्स कार आहे. माझ्यासारख्या माणसाकडे स्पोर्ट्स कार म्हणजे भटजीच्या हातात तलवार, हे मला कळतं. पण ती मी घेतलेली नाही. ती हिच्या मामांची. मामा एकटे, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत, आणि जाताना गाडी एकुलत्या एक भाचीच्या नावावर करून गेले. पिवळी, बुटकी, नाक पुढे काढून बसलेली. आत शिरायचं तर आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे, मग स्वतःची क्षमा मागायची. लहानपणी सुट्टीत मामा हिला त्या दुसऱ्या जागेवर बसवून गावभर फिरवायचे. आता चालवायचो मी आणि शेजारी बसायची ही. गाडी हिची असताना चालवायचं मी, हे कधी आणि कुणी ठरवलं, याचा कागद मात्र कुठे नाही.

तर त्या गाडीची मुदत संपत आली होती. एवढ्या वयाची गाडी वाहन कार्यालयात नेऊन दाखवायची. पास झाली तर पुढची काही वर्षं रस्त्यावर, नापास झाली तर भंगारात. हिने एवढंच म्हटलं होतं, "अहो, काही करू नका. पुसा, हवा भरा आणि घेऊन जा. मामाची गाडी आहे, माझ्या डोळ्यांदेखत कापायला नको जायला."

मी तेवढंच करणार होतो. खरंच. फडकं हातात होतं.

तेवढ्यात पंखेसाहेब जिना उतरून आले, गाडीच्या मागे उकिडवे बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि मागच्या चाकाच्या मागे जी आडव्या पट्ट्यांची जाळी आहे, तिच्यात खुपसली. पेन्सिल टक् करून थांबली. दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांनी तेच केलं. टक्.

"ऑडिटरसाहेब," ते म्हणाले, "वाईट बातमी आहे. आंधळ्या आहेत."

"कोण?"

"तुमच्या जाळ्या. चाक फिरतं तेव्हा चाकाच्या खोबणीत हवा कोंडते. ती बाहेर पडायला ही जाळी. नाही पडली तर गाडीची शेपटी वर उचलते. पण हिच्या पट्ट्या मागून बंद आहेत, आणि त्यामागे पत्रा. नुसता देखावा. कागदोपत्री खिडकी, प्रत्यक्षात भिंत."

'कागदोपत्री' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला, असं माझं आजही मत आहे. पेन्सिल जाळीत गेली, पण टोचली मला. ज्या माणसाने न बांधलेल्या विहिरी, न लावलेली झाडं आणि न झालेले दौरे कागदावरून हुडकून काढले, तो माणूस दोन खोट्या जाळ्या बुडाखाली घेऊन गावभर फिरत होता. रोज. हॉर्न वाजवत.

मी घरात येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती.

"माहितीये मला," ही म्हणाली. "खोट्याच आहेत त्या."

"माहितीये? आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलायचं त्यात? मामाने इतकी वर्षं चालवली. शेपटी कधी उचलली नाही."

"प्रश्न शेपटीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व घरात ठेवा आणि गाडी पुसा," ही म्हणाली. पण त्याच आठवड्यात हिला चार दिवस बहिणीकडे जायचं होतं. मोठमोठे अनर्थ बायको बहिणीकडे गेल्यावरच का होतात, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.

आमच्या भागात पत्र्याचं काम करणारा एक डेंटर आहे. त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणतात, कारण त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकलेला माणूस नाही. दार बसत नाही? होऊन जाईल. छप्पर कापून पाहिजे? होऊन जाईल. त्याला कुणी गाडीचं होडकं करून मागितलं असतं तर त्याने फक्त वल्ही किती हवीत एवढंच विचारलं असतं. पंखेसाहेबांनी जमिनीवर खडूने वाऱ्याची आकृती काढली, बाण काढले, कोंडलेली हवा म्हणून गोल गोल रेघा मारल्या. होऊनजाईलने आकृतीकडे आदराने पाहिलं, तिच्यावर स्टूल ठेवलं आणि काम सुरू केलं.

डावी जाळी उचकटली, मागचा पत्रा कापला, आणि आतल्या पोकळीतून काहीतरी भुरूभुरू खाली पडलं. आधी मला वाटलं गंज. मग वाटलं पाखरं. ते चकचकीत कागद होते. लिंबाच्या गोळ्यांचे. पिवळे, हिरवे, विटलेले, बारीक घड्या घातलेले. मूठभर निघाले.

"उंदीर," होऊनजाईल म्हणाला.

"उंदीर घड्या घालत नाही," पंखेसाहेब म्हणाले.

मी ते कागद रुमालात बांधले. का, ते सांगता येणार नाही. ऑडिटवाल्याला कागद टाकवत नाही, एवढंच कारण असावं. त्या दोन प्लास्टिकच्या आंधळ्या जाळ्यांचं मात्र मी काहीही केलं नाही. खोटा माल, तो सांभाळून ठेवायचा कशाला? त्यांच्या जागी होऊनजाईलने पत्र्याच्या पट्ट्या वाकवून खऱ्या जाळ्या बसवल्या. पेन्सिल घातली तर कोपरापर्यंत हात आत गेला असता. पंखेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं. खोटी नोंद खोडून खरी केल्यावर जी एक शांतता येते, ती सामान्य माणसाला कळायची नाही.

रस्त्यावर चालवून बघायच्या चाचणीला मी एकटाच गेलो. पंखेसाहेब दुसऱ्या जागेच्या दाराला हात घालून उभे होते, पण ती जागा हिची. हिच्या गैरहजेरीत तिथे दुसरं कुणी बसवणं मला नियमात बसेना. ते स्कूटरवरून मागे येतो म्हणाले.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला आणि गाडीने शिट्टी मारली.

आधी मी इकडे तिकडे पाहिलं. वेग आणखी वाढवला तर शिट्टी लांबली आणि शेवटी वर गेली, नाक्यावरची टवाळ पोरं मारतात तशी. बसथांब्यावर काही बायका उभ्या होत्या. गाडी त्यांच्या समोरून गेली ती अशी सुरेल शिट्टी मारत गेली की एकीने पर्स उगारली. मी खिडकीतून तोंड काढून म्हणालो, "मी नाही, गाडी." हे वाक्य जगात कुणीही, कुणाच्याही तोंडून खरं मानणार नाही. चपळाईने वेग कमी केला तर शिट्टी खाली येत येत थांबली, आणि ते तर अधिकच चावट वाटलं.

चौकात वाहतूक पोलिसाने अडवलं.

"काका, वय काय तुमचं?"

"अहो, ती हवा आहे. मागच्या जाळीतून..."

"शिट्टी वाजवायचा अधिकार या चौकात एकाला आहे," तो छातीवरची शिट्टी दाखवत म्हणाला. "घरी कोण आहे का तुमच्या?"

मी म्हणालो, आहे, पण बहिणीकडे गेली आहे. त्याने "तरीच" म्हणून मला सोडलं. तो 'तरीच' माझ्या अजून कानात आहे.

मागून आलेले पंखेसाहेब खुशीत होते. "वारा चालू झाला, ऑडिटरसाहेब. फक्त पट्ट्यांवर थरथरतोय. पट्ट्या काढल्या की झालं."

"पट्ट्या काढल्या तर राहील काय?"

"भोक."

होऊनजाईल म्हणाला, होऊन जाईल. झालंही. आता मागच्या दोन्ही चाकांच्या मागे ताटलीएवढी दोन भोकं, त्यावर विरळ तारेची जाळी. शिट्टी बंद. दुसऱ्या चाचणीला मी साहेबांना बजावलं की लांब राहा. पण ज्ञानी माणूस वाऱ्याजवळ गेल्याशिवाय राहत नाही. रस्त्याच्या कडेला पाण्याची पाइपलाइन फुटून मोठं डबकं साचलं होतं. चाकांच्या खोबणीतला चिखल आजवर आतल्या आत अडत असे, ही गोष्ट आमच्या आकृतीत नव्हती. आकृतीत फक्त हवेचे बाण होते. गाडी डबक्यातून गेली आणि दोन्ही भोकांतून चिखलाच्या दोन जाडजूड धारा मागे सुटल्या.

आरशात पाहिलं तर पंखेसाहेब स्कूटरवर होते, पण पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढऱ्या मिशा यांतलं काही दिसत नव्हतं. एक चिखलाचा माणूस स्कूटर चालवत होता. मी गाडी थांबवून धावलो. त्यांनी चष्मा काढला. तेवढ्या दोन गोलांत माणूस शिल्लक होता.

"बघितलंत?" ते भारावून म्हणाले. "बाहेर पडतोय. सगळा बाहेर पडतोय."

शास्त्राला वाहून घेतलेल्या माणसाशी भांडता येत नाही. पंखेवहिनींना येतं. त्या दिवशी वरच्या मजल्यावर मिक्सर लागला नाही, आणि तरी आवाज सगळ्या बिल्डिंगला गेला.

ही परत आली ती नेमकी वाहन कार्यालयात जायच्या आदल्या दिवशी. गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता फुटणार. मी रुमाल सोडून ते गोळ्यांचे कागद पुढे केले. म्हटलं, निदान हा माल तरी मी जपून ठेवला.

हिने एक कागद उलगडला, परत घडी घातली.

"मामा म्हणायचा, गाडीलाही भूक लागते," ही म्हणाली. "एक गोळी त्याला, एक मला, आणि कागद गाडीला. डाव्या जाळीच्या कोपऱ्यात फट होती ना, तिथून भरवायचे मी." मग जरा थांबून, "जाळ्या कुठे आहेत?"

ऑडिटमध्ये असा एक क्षण येतो, जेव्हा समोरच्या माणसाला कळतं की पावती आपण स्वतःच फाडून टाकलेली आहे. त्या क्षणी ते लोक कसे दिसतात ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. आतून कसं वाटतं ते प्रथमच कळलं.

"बघतो," मी म्हणालो.

"बघा. आणि उद्या गाडी नापास झाली तर..." हिने वाक्य पुरं केलं नाही. हिची अर्धी वाक्यं पुऱ्या वाक्यांपेक्षा जड असतात.

दुसऱ्या दिवशी वाहन कार्यालयातला तपासनीस गाडीभोवती एक फेरी मारून मागे थांबला. हातात गाडीचे जुने फोटो होते. फोटोकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं.

"हे काय?"

"जाळी," मी म्हणालो. "पूर्वी खोटी होती, मी खरी केली."

"फोटोत बंद आहे."

"तेच म्हणतोय मी. बंद होती म्हणजे खोटी होती. देखावा होता. आता वारा जातो."

"वाऱ्याची परवानगी घेतली होती?"

मी समजावून सांगितलं. खोबण, दाब, शेपटी. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, पत्रा कापला म्हणजे बदल. बदल करायचा तर आधी अर्ज, सोबत गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र."

"ती कंपनी कधीच बंद पडली."

"मग पत्र मिळणं अवघड आहे," तो सहानुभूतीने म्हणाला.

"अहो, पण खरं काय आहे ते तुम्ही डोळ्यांनी बघताय ना?"

"डोळ्यांनी काय दिसतं याला अर्थ नाही. कागदावर आहे ते खरं. होती तशी करून आणा. आठवड्याने परत बघतो. नाही जमलं तर मग भंगाराचा शिक्का मारावा लागेल."

"कागदावर आहे ते खरं" हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. ते इतकं उर्मट ऐकू येतं, हे त्यांच्यापैकी एकानेही मला सांगितलं नव्हतं.

तपासणीला सोबत आलेली ही परतीच्या रस्त्यावर खिडकीतून बाहेर बघत होती. पाठीमागून चिखल उडत होता.

आता त्या दोन आंधळ्या जाळ्यांचा शोध सुरू झाला. आयुष्यभर खोटा माल पकडला, पण तो परत मिळावा म्हणून दारोदार हिंडायची वेळ पहिलीच. उजवी जाळी होऊनजाईलच्या मोरीवर सापडली. पाणी तुंबू नये म्हणून त्याने ती नळाखाली टाकली होती. आंधळी असल्यामुळे पाणी तुंबतच होतं, पण त्याची तक्रार नव्हती. मी मागितल्यावर त्याने धुऊन दिली. डावी, म्हणजे फटीची, पंखेसाहेब आठवण म्हणून घरी घेऊन गेले होते.

मी वर गेलो. ती जाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती आणि तिच्यावर गरम पातेलं होतं.

"वहिनी, ती जाळी..."

"अगदी मापाची आहे हो भाऊजी," पंखेवहिनी पातेलं न उचलता म्हणाल्या. "ओटा भाजत नाही. यांनी जन्मात घरी आणलेली ही पहिली उपयोगी वस्तू."

मी परिस्थिती सांगितली. मामा, भाची, भंगार, आठवड्याची मुदत. पंखेसाहेब मागे दारात उभे होते. वहिनींनी सगळं ऐकलं. मग चमचा खाली ठेवला.

"देते की. पण मला त्या गाडीतून फिरवायचं. पुढे बसून. दर रविवारी."

"वहिनी, जागा दोनच आहेत."

"मला एकच लागते," वहिनी म्हणाल्या.

मागून पंखेसाहेब क्षीण आवाजात म्हणाले, "अगं, पण रविवारी माळा..."

"माळा तुम्ही आवरायचा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? जाळी खाली आणली. हिच्या हातात दिल्यावर हिने तो कोपरा आधी बघितला. फट होती. होऊनजाईल भोकांमागे पत्रा ठोकून जाळ्या बसवू लागला आणि सवयीने म्हणाला, "ही फटही पुट्टी भरून बुजवतो, होऊन जाईल." ही म्हणाली, "नाही होऊन जाणार. तशीच राहू दे." त्याच्या धंद्यात त्याला नाही म्हणणारी ही पहिलीच असावी, त्याने पुट्टीचा डबा मुकाट्याने बंद केला.

आठवड्याने पुन्हा कार्यालय. तपासनीसाने खिशातून पेन्सिल काढून डाव्या जाळीत घातली. टक्. उजव्या. टक्.

"बंद आहे ना?"

"पूर्ण बंद."

"वारा?"

"अजिबात जात नाही."

"लिहून द्या तसं."

माझ्याच पेनाने, माझ्याच अक्षरात मी लिहून दिलं: सदर वाहनाच्या मागील दोन्ही जाळ्या केवळ देखाव्याच्या असून त्यांतून वारा जात नाही व यापुढेही जाऊ दिला जाणार नाही. खाली सही आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा. हुद्दा वाचून त्याने एकदा वर पाहिलं.

"ऑडिटला होतात?"

"हो."

"तरीच," तो म्हणाला आणि शिक्का मारला. गाडी पास.

बाहेर आल्यावर मी चालकाच्या दाराकडे वळलो. तिथे ही आधीच उभी होती आणि हात पुढे केलेला होता. मी किल्ली दिली. कागद नव्हताच कुठे.

ही छान चालवते. मामांनीच शिकवलं होतं, असं त्या दिवशी कळलं.

आता अखेरीचा हिशेब. होऊनजाईलचं काही गेलं नाही. त्याची मोरी आता तुंबत नाही. तपासनीसाला सांगायला एक गोष्ट मिळाली. पंखेवहिनींना ओट्यासाठी जाड फडकं शोधावं लागलं, पण त्याच्या बदल्यात दर रविवारी सकाळी त्या केस बांधून खाली येतात, आधी बसतात, मग पाय आत घेतात, आणि क्षमा वगैरे कुणाची मागत नाहीत. निघण्यापूर्वी दोघी एकेक गोळी तोंडात टाकतात, ही वाकून डाव्या जाळीच्या कोपऱ्यात दोन कागद भरवते, आणि पिवळी गाडी कसलाही आवाज न करता फाटकाबाहेर पडते.

फाटकाशी आम्ही दोघं उरतो. पंखेसाहेबांच्या डोक्यावर माळ्यावरची जळमटं असतात. गाडी वळणापर्यंत दिसते तोवर ते तिच्या मागच्या चाकांकडे बघत असतात.

"हवा कोंडतेय बरं का आत," मग ते हळूच म्हणतात.

"कोंडू दे," मी म्हणतो.

त्यांना जी जागा मिळवायची होती, ती त्यांच्या घरात गेली. फक्त त्यांना मिळाली नाही. आणि ती गेली कुणाच्या खात्यातून, हे शोधायला ऑडिटर लागत नाही. मामांच्या गाडीत जागा दोन. एक हिची, एक वहिनींची. मी माळ्याखाली शिडी धरायला जातो.